गवताची गाठ

सुट्टीवरून परत रुजू झाले त्या दिवशी डबा खाताना ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, "मॅडम, सगळ्यात काय आवडलं?" मी फोन पुढे केला. फोटो हातोहात फिरले. बर्फाचे आवडले, नदीचे आवडले, उंच खिंडीतल्या फडफडत्या पताकांचे तर फारच. एकीने माझ्या हिरव्या जाकिटाचं दुकान विचारलं, मी नाशकातल्या शालिमारचं सांगितलं. मला काय काय आवडलं तेही सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण ती माझी यादी झाली. मी गेले होते ती माझ्या यादीसाठी नाही, आईच्या यादीसाठी. त्या यादीत शेवटी एकच गोष्ट उरली. ती ऑफिसात सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी स्वतःबद्दल सांगून टाकते, कारण पुढे ते येणारच आहे. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरची मी पहिली पदवीधर. बी.ए., भूगोल, नाशिकच्या कॉलेजातून, पहिल्या वर्गात. आज सरकारी नोकरीत अव्वल कारकून आहे. लग्न केलं नाही, तो वेगळा विषय. शिकल्याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी नम्र असावं, त्यांना ते परवडतं. माझी पदवी मोळ्यांवर झाली. आई रानात जाऊन वाळकी लाकडं गोळा करायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन पेठच्या बाजारापर्यंत चालत जायची आणि तिथल्या हॉटेलवाल्यांना विकायची. रान सरकारी. म्हणजे माझं शिक्षण कायद्याच्या भाषेत चोरीच्या लाकडांवर झालं असंही म्हणता येईल. आम्ही पाड्यावर तसं कधी म्हटलं नाही.

मोळीवाल्या बायकांच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे रानातून रिकाम्या हाताने परतायचं नाही. मोळी जमली नाही तर चार काटक्या तरी आणायच्या, नाहीतर रान रुसतं. दुसरी रीत गवताची. रानात शिरताना वाटेच्या कडेला उभं गवत असतं, त्यातल्या दोन-चार पाती एकत्र धरून गाठ मारायची. गाठ असली की जंगलखात्याचा गार्ड त्या वाटेला फिरकत नाही, दुसऱ्या वाटेने जातो. लहानपणी मी आईबरोबर जायचे तेव्हा गाठ मारायचं काम माझ्याकडे असायचं. पोरीची बोटं बारीक, गाठ घट्ट बसते, असं बायका म्हणायच्या. पुढे भूगोल शिकले आणि या गाठींना हसायला लागले. आई म्हणायची, "हस तू. गाठ मारल्याली बरी."

एकदाच गाठ उपयोगी पडली नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, होस्टेलवर होते. गार्डने आईला मोळीसकट धरलं, कोयता ठेवून घेतला आणि संध्याकाळपर्यंत चौकीबाहेर बसवलं. मला हे दिवाळीला घरी गेल्यावर शेजारणीकडून कळलं. आईला विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "सोडलं ना त्यानं. मंग झालं." काय बोलून सुटली, कशी सुटली, एक अक्षर सांगितलं नाही. त्या संध्याकाळचं काय ते तिने स्वतःजवळ ठेवलं. मीही पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ऐकायचं नव्हतं.

वडील गेल्यावर मी आईला नाशिकला माझ्या फ्लॅटवर आणलं. वर्षभर ठीक गेलं. मग ती दुपारचं जेवण जेवून पुन्हा ताट घ्यायला लागली. दिवसा सोबतीला येणाऱ्या मावशींना रोज नव्याने विचारायची, "तुम्ही कोन्या गावच्या?" मावशी स्वभावाने गमत्या, त्याही रोज नवीन गाव सांगायच्या. मी रिक्षा करून आईला डॉक्टरकडे नेलं. द्वारकेच्या चौकात अर्धा तास अडकलो, तेवढ्या वेळात तिने मला चार वेळा विचारलं, "कुठं चाललोय आपुन?"

डॉक्टरांनी तपासलं, कागद बघितले आणि स्पष्ट सांगितलं. हे थांबणार नाही. जुनं काही दिवस राहील, नवीन टिकणार नाही. मी म्हटलं, "काहीच नाही?" ते म्हणाले, "एखादी गोष्ट राहते कधीकधी. कुठली राहील ते आपल्या हातात नसतं."

मी ऐकलं आणि मनात म्हटलं, बघू. आता वाटतं, ही चूक आमच्यासारखीच माणसं करतात. घरात कोणी शिकलेलं नसताना जे नुसत्या पाठांतरावर वर येतात, त्यांना वाटतं डोक्यात काहीही बसवता येतं, फक्त उजळणी कमी पडायला नको. मी नकाशे, नद्या, खिंडी, खनिजं असं सगळं रात्रंदिवस घोकून पहिल्या वर्गात आले. तेव्हा आईला अक्षर ओळखता येत नसूनही ती माझं पुस्तक हातात धरून बसायची आणि म्हणायची, "म्हन. मी बघते." आता मी तिची उजळणी घ्यायची असं ठरवलं.

कशाची घ्यायची तेही ठरलेलं होतं. आईने आयुष्यभर डोंगर बघितला तो मोळीखालून. डोक्यावर ओझं असलं की नजर पायांपुढच्या दोन हातांवर असते, मान वर होत नाही. मला तिला एकदा मोकळ्या डोक्याने, मान वर करून डोंगर दाखवायचा होता. तोही साधासुधा नाही, मी पुस्तकात घोकलेला हिमालय. हिमाचलातली दोन राष्ट्रीय उद्यानं निवडली, एक हिरव्यागार तीर्थन नदीच्या खोऱ्यातलं आणि दुसरं स्पितीच्या बाजूचं, पिन नदीचं, उघड्या दगडी डोंगरांचं. रोज बघायचं, रोज संध्याकाळी उजळणी करायची. एक वही घेतली. दोन्हींतलं एक जरी तिच्यापाशी राहिलं तरी मला पुरे होतं.

सप्टेंबरात निघालो. थंडीसाठी मी गडद हिरवं जाकीट घेतलं होतं, खांद्यावर पट्ट्या असलेलं, आणि तसलीच टोपी. आईने घरीच नाक मुरडलं होतं. "हे काय, पोलिसावानी?" मी म्हटलं, "ऊबदार आहे." तिच्यासाठी स्वेटर घेतला होता. तिने तो लुगड्यावर चढवला आणि आरशात बघून म्हणाली, "मी काय लंडनला चालले का?"

नाशिकरोडला गाडीत बसलो, दिल्लीला उतरलो. तिथून पुढे आठ दिवसांसाठी गाडी ठरवली होती. ड्रायव्हर हिमाचलचेच, पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या. ते आईला माताजी म्हणायचे. आईला हिंदी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी दोघांचं छान जमलं. मी मध्ये भाषांतर करायला गेले की दोघंही माझ्याकडे दुर्लक्ष करायची.

तीर्थनच्या काठी पोहोचलो तेव्हा दुपार होती. माझ्या यादीतली पहिली गोष्ट तीच नदी. पाणी इतकं स्वच्छ की तळातला एकेक गोटा वेगळा दिसत होता. मोठ्या धोंड्यांवर आपटून पांढरं व्हायचं आणि पुढे लगेच पुन्हा हिरवं. आई काठावर बसून बराच वेळ बघत राहिली. मग ड्रायव्हरना विचारलं, "एवढं पानी कुठं जातं हे?"

पाणी शब्द त्यांना कळला. "नीचे, माताजी. पंजाब की तरफ."

"आपलंबी तसंच," आई मला म्हणाली. "पाऊस आपल्या डोक्यावर, पानी गुजरातेत. आन चैतात बाया हंडे घेऊन वनवन."

मला आनंद झाला. पेठच्या डोंगरातलं पाणी पश्चिमेला उतरतं आणि गुजरातेत जातं हे भूगोलाच्या पुस्तकात होतं, पण तिने ते पुस्तकाशिवाय म्हटलं होतं. डोकं चालतंय, असं मी स्वतःला सांगितलं.

जरा पुढे वाटेवर एक बाई गवताचा भारा पाठीवर घेऊन वर चढत होती. दोर खांद्यांवरून पुढे घेऊन छातीशी धरलेला. आई तिला थांबवून भाऱ्याभोवती फिरली. दोर ओढून बघितला. "ढिला बांधलाय," म्हणाली. "आन डोक्यावर का नाय घेत बये?" ती बाई हसली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि आईच्या स्वेटरची बाही चिमटीत धरून बघितली. दोघी एकमेकींना बरं वाटेल असं काहीबाही बोलत राहिल्या. हा फोटो मी काढला आहे. ऑफिसात कोणी त्याच्यावर थांबलं नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मी वही उघडली. "आये, आज काय बघितलं?"

आई विचार करून म्हणाली, "पानी."

"आणि?"

"भारा ढिला होता एका बाईचा."

मी दोन्ही लिहिलं. सकाळी उठल्यावर पुन्हा विचारलं तर तिने दोन्ही सांगितलं. सकाळी. एक रात्र ओलांडून. मी खिडकीशी उभी राहून रडले, आणि ते आनंदाचं होतं. लांब खोऱ्याच्या टोकाला बर्फाचं शिखर उन्हात आलं होतं. आईला हाक मारली. ती आली, तिने मान वर केली, अगदी मागे टाकून वर केली, आणि म्हणाली, "पांढरं हाय गं बाय." बाय म्हणजे मी, लेक. एवढंच म्हणाली. त्या सहलीतलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य हे, शिखर नव्हे, तिची ती मागे टाकलेली मान. त्याचा फोटो नाही.

त्या दिवशी उद्यानात शिरलो. गाडीरस्ता संपतो तिथून पायवाट आहे, नदीच्या काठाकाठाने जंगलात जाते. फाटकावर नोंद केली, परवाना दाखवला. गार्ड चाळिशीचा, सौम्य बोलणारा होता. आतलं काही बाहेर न्यायचं नाही, फूल नाही, पान नाही, वाळकी काडीसुद्धा नाही, हे त्याने हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, हम जानते हैं, हम भी सरकारी आदमी हैं. हे सांगायची तशी काही गरज नव्हती.

आई माझ्यापेक्षा चांगलं चालत होती. गुडघे साठी ओलांडलेले, पण पायांना चढ पाठ होता. वाटेवर नेहमीच्या सवयीने ती थांबली, कडेच्या गवतात वाकली आणि गाठ मारून पुढे आली. मी बघितलं आणि हसले. तीही हसली. "मारल्याली बरी," म्हणाली. आत खूप चाललो. झाडं इतकी उंच आणि सरळ की शेंडा बघायला थांबावं लागायचं. परतताना मला एक लांब शेपटीचा निळा पक्षी दिसला. मी त्याच्या फोटोच्या मागे लागले. पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर, मी मागे. दहा मिनिटं गेली असतील, फार तर पंधरा. आई माझ्या मागे आहे असं मी धरून चालले होते.

ती आली तेव्हा मी फाटकाच्या अगदी जवळ होते. डोक्यावर मोळी होती.

मोठी नव्हती. बारीक वाळक्या फांद्या, सारख्या लांबीच्या मोडून, रानवेलीने दोन ठिकाणी बांधलेल्या. डोक्याखाली पदराची चुंबळ. इतकी नीटस मोळी मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. गार्ड खुर्चीतून उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गंमत होती. फाटकावर दुसरी दोन-तीन प्रवासी मंडळी होती, ती बघत होती. एकाने फोन काढला.

मला लाज वाटली. आईची नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं, पण आईचीच वाटली. सकाळी याच माणसाला मी सरकारी आदमी म्हणून सांगितलं होतं. मी पुढे झाले आणि ऑफिसात काउंटरवर लोकांशी बोलते त्या आवाजात म्हटलं, "खाली ठेव ते. इथलं काही न्यायचं नसतं. नियम आहे."

गार्ड म्हणाला, "रहने दीजिए मैडम, माताजी हैं. यहीं किनारे रख देंगे."

"नियम सबके लिए एक है," मी म्हटलं. आणि आईकडे वळून पुन्हा, "ऐकू येत नाही का? ठेव खाली."

आईने मोळी उतरवली. टाकली नाही, उतरवली. गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी, माझ्या पायांपुढे. मग हात जोडले. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, जाकिटाच्या बटणांकडे बघत होती.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "वाळकीच हाय सगळी. ओली एक नाय. मोडून बघा."

मी म्हटलं, "आये."

"माझी पोर कालिजात हाय, नाशकाला. लय हुशार हाय. ती शिकली का मी नाय यायची रानात. एवढ्या बारीला सोडा." तिने कमरेला हात लावला, तिथे जे नव्हतं ते चाचपलं. "कोयता ठिवून घ्या पायजे तर. कोयता घ्या, पन सांजच्या आत सोडा. पोरीला कळाय नको."

मी टोपी काढली. जाकिटाची बटणं सोडली. "आये, मी हाय. बघ. मी हाय ना." पाड्यावरची बोली तोंडात आपोआप आली. कित्येक वर्षांत मी तशी बोलले नव्हते.

आईने बघितलं. नीट बघितलं. "व्हय, बाईसाहेब," म्हणाली.

चौकीबाहेर ती काय बोलून सुटली होती ते मला असं कळलं. माझं नाव सांगून सुटली होती. आणि कोयता देऊन.

गार्डने मोळी उचलून भिंतीला लावली आणि आईला खुर्ची दिली. ती बसली नाही. ड्रायव्हर आले, त्यांनी तिचा हात धरून गाडीत बसवलं. त्यांच्याबरोबर मुकाट गेली. संध्याकाळी खोलीत चहा घेताना तिने मला बाय म्हणून हाक मारली आणि साखर कमी आहे म्हणाली. मला वाटलं, गेलं ते, निवळलं. वही उघडली.

"आज काय बघितलं आये?"

"काय नाय."

"जंगल? उंच झाडं? निळा पक्षी?"

"म्या कुठं गेले नाय, घरीच हाय," ती पटकन म्हणाली, आणि दाराकडे बघितलं.

मी वहीत 'उंच झाडं' असं लिहिलं. ते तिने सांगितलं नव्हतं. परीक्षेत मी कधी कॉपी केली नाही, हे मी अभिमानाने सांगत आले आहे. त्या संध्याकाळी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरनी विचारलं, "मैडम, वापस चलें? माताजी थक गई हैं." तेव्हा परतायला हवं होतं. पण मी म्हटलं, अजून एक बाकी आहे. एक प्रश्न सुटला नाही तर दुसरा सोडवायचा, पेपर अर्धा टाकून उठायचं नाही, हे माझं शिक्षण. आम्ही मनालीला मुक्काम करून पुढे निघालो. बोगदा ओलांडला आणि हिरवं संपलं. तिथून कुंझुमच्या खिंडीपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि पाणी. ड्रायव्हरनी आईच्या रुमालात कापूर बांधून दिला, विरळ हवेत हुंगायला. ती तो मुठीत धरून बसली.

जाकीट मी बॅगेत तळाला घातलं होतं. खिंडीत वारा असा होता की उतरताना दात वाजायला लागले, आणि ते काढून अंगात घालावं लागलं. आई गाडीतच होती. मी काच खाली करायला सांगितली आणि म्हटलं, "आये, बघ, एका ओळीत सगळे बर्फाचे." समोर खरोखर ओळच होती, एकामागे एक, निळसर पांढरी. भूगोलाच्या सगळ्या वर्षांत मी असं काही घोकलं नव्हतं, कारण हे लिहून दाखवता येत नाही. आईने मान खाली घातली. ती पलीकडच्या दाराकडे सरकली आणि पदर पुढे ओढून घेतला.

"माताजी, ऊपर देखो," ड्रायव्हर म्हणाले.

ती पायांपुढच्या गाडीच्या चटईकडे बघत राहिली. डोक्यावर काही नव्हतं, तरी मान तशीच होती, मोळीखालची.

पिनच्या खोऱ्यात दोन दिवस राहिलो. मला तिथलं काय काय आवडलं ते ऑफिसात सांगितलं आहे आणि ते खरं आहे. डोंगरांवर एक झाड नाही. कुठे जांभळा, कुठे पिवळा, कुठे राखी, जणू कोणी नकाशातले रंग तसेच्या तसे उतारावर ओतले असावेत. निळसर रानमेंढ्यांचा कळप कड्यावर उभा होता आणि कड्याच्याच रंगाचा होता, हलला तेव्हा कळला. मी हे सगळं बघत होते आणि एकीकडे मला ते बघवत नव्हतं.

आईने तिथे एकच गोष्ट बघितली. गावातल्या घरांची छपरं सपाट असतात आणि त्यांच्या कडेकडेने हिवाळ्यासाठी लाकडं-काटक्या रचून ठेवलेल्या असतात, भिंतीसारख्या, एका रेषेत. आई गाडीतून उतरून त्या छपरांकडे चोरून बघायची. मान न उचलता, नुसते डोळे वर करून.

"एवढी लाकडं," ती ड्रायव्हरना म्हणाली, "आन उघड्यावर."

"सर्दी बहुत है माताजी, छह महीने बर्फ."

मग ती हळूच माझ्याकडे वळली. मी जाकिटातच होते. दोन्ही हात पोटाशी धरून तिने विचारलं, "बाईसाहेब, ह्यांना कसं नाय धरत?"

मी जाकीट काढून ड्रायव्हरना देऊन टाकलं. ते नको म्हणत होते. पुढचे दिवस स्वेटरवर स्वेटर घालून काढले आणि खोकला घेऊन आले. ऑफिसात दुकान सांगितलं ते त्याच जाकिटाचं.

त्यानंतर आई कधी मला ओळखायची, कधी नाही. ओळखायची तेव्हा हसायची, डाळ-भात कधी करणार विचारायची. मला वाटायचं आता आली परत. तासाभराने पुन्हा पदर पुढे यायचा. घरी पोहोचल्यावर डॉक्टरांना भेटले. एवढ्या उंचीवर न्यायला नको होतं, ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "नेलं नसतं तरी हे होणारच होतं, थोडं पुढेमागे." ते बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरं म्हणून, मी विचारलं नाही. वही कपाटात आहे. तिच्यात माझ्या अक्षरात आठ दिवसांची दृश्यं आहेत, पहिल्या दिवसाची तिची आणि बाकी माझी.

मी ऑफिसला जाताना साडी नेसते, गळ्यात ओळखपत्र असतं. जाकीट गेलं, पण ओळखपत्र घालावंच लागतं. संध्याकाळी परत येते तेव्हा मावशी दार उघडतात आणि आई आतल्या खोलीत जाते. मावशी म्हणतात, "दिवसभर चांगल्या असतात हो. गाणीसुद्धा म्हणतात. तुमची चाहूल लागली की आत."

गेल्या रविवारी सकाळी चहासाठी पात तोडायला बाल्कनीत गेले. तिथे गवती चहाची कुंडी असते. कुंडी जागेवर नव्हती. शोधली तर बाहेरच्या दाराशी, चपलांच्या बाजूला ठेवलेली. उचलायला म्हणून वाकले आणि बघितलं. पातींना गाठी मारलेल्या. एक नाही, सगळ्या झुबक्यात, दोन-दोन, चार-चार पाती धरून, घट्ट. म्हातारीच्या बोटांच्या मानाने फारच घट्ट.

आई मागे येऊन उभी राहिली होती. सुट्टीचा दिवस, मी घरच्या साध्या गाऊनमध्ये होते, म्हणून असेल, ती घाबरली नाही. माझ्या शेजारी उकिडवी बसली.

मी विचारलं, "हे कशाला, आये?"

"गार्डीन येते ना सांजची," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज येते."

"कुठली गार्डीण?"

"डोंगरात व्हती ती. पांढऱ्या डोंगरात गेलतो ना आपुन. तिथली."

मी जमिनीवर बसले. नदी गेली होती, गवताचा भारा, बर्फ, छपरावरची लाकडं सगळं गेलं होतं. एक राहिलं होतं. एक तरी राहावं एवढंच मी मागितलं होतं, कुठलं ते मागितलं नव्हतं.

"कशी होती ती?" मी विचारलं.

आईने आठवलं. खरोखर आठवलं, मला दिसत होतं. डोळे बारीक करून, शब्द शोधून. "वाईट नव्हती," म्हणाली. "मारलं नाय तिनं. शिकल्याली व्हती लय. नेमानं बोलायची." मग थोडी हसली, अभिमानाने. "माझी पोर बी व्हईल तशी."

मी म्हटलं, "व्हईल."

तिने माझ्या गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. कुंडी दाराच्या आणखी जवळ सरकवली, उंबरठ्याला टेकेल अशी. आमच्या फ्लॅटला दार एकच आहे, दुसरी वाट नाही, हे तिला सांगून उपयोग नव्हता. मी गाठी सोडल्या नाहीत. त्या दिवशी चहा पातीशिवाय केला. आई म्हणाली, साखर कमी आहे.